सासू-सासऱ्यांची घरची शुश्रूषा : खर्च आणि कायदा
पक्षाघात, कर्करोग किंवा स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांची शुश्रूषा बहुतेकदा सुनेच्या वाट्याला येते. पुष्कळदा तिचा पगारही त्यात खर्ची पडतो. कायदा मात्र या भाराची फारशी दखल घेत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेल्या कायद्यात 'मुले' या व्याख्येत मुलगा, मुलगी व सज्ञान नातवंडे येतात. सून-जावई येत नाहीत.

प्राप्तिकरातही तोच भेद आहे. आरोग्य विमा नसलेल्या, साठी ओलांडलेल्या आई-वडिलांच्या उपचारखर्चावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. मात्र ती केवळ स्वतःच्या आई-वडिलांसाठी आणि रोखीने न केलेल्या खर्चापुरती. म्हणून औषधोपचारांची बिले मुलाने किंवा मुलीने आपल्या खात्यातून भरणे आणि सुनेने घरखर्च उचलणे सोयीचे ठरते.

घरी घेतलेल्या उपचारांचा खर्च काही विमा पॉलिसींत मिळतो. परंतु रुग्णालयात दाखल करण्याजोगा आजार असूनही रुग्णाला हलवणे अशक्य असणे किंवा तेथे खाट उपलब्ध नसणे, अशी अट असते. आयाबाईंचा पगार त्यात सहसा बसत नाही, आणि दीर्घ आजारात मोठा खर्च तोच असतो.

वर-खाली होणारी खाट, हवेची गादी, चाकाची खुर्ची विकत घेण्याची घाई करू नये. अनेक शहरांतील रुग्णसाहित्य केंद्रे या वस्तू अनामत घेऊन अल्प भाड्याने देतात. शय्याव्रण टाळण्यासाठी मात्र साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. ते काम एकट्या सुनेवर न टाकता नणंदा-दिरांनी पाळ्या आणि पैशांचा वाटा आरंभीच ठरवून घ्यावा.