विनाशिकांचे सुटे भाग आणि १९९१ नंतरचा पेच

भारतीय नौदलाच्या इतिहासलेखनात जहाजांच्या जलावतरणास जेवढे स्थान मिळते, तेवढे त्यांच्या सुट्या भागांस मिळत नाही. वस्तुतः विनाशिकेचे आयुष्य याच भागांवर अवलंबून असते. १९८० मध्ये नौदलात दाखल झालेली ‘राजपूत’ आणि तिच्या वर्गातील अन्य चार विनाशिका सोव्हिएत युक्रेनमधील निकोलायेव येथे बांधल्या गेल्या. त्यांची रडार व क्षेपणास्त्र-नियंत्रण यंत्रणाही प्रामुख्याने सोव्हिएत बनावटीची होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला आणि एकाच राज्यसत्तेखालील कारखाने परस्परांस परक्या देशांत विभागले गेले. निकोलायेवची गोदी युक्रेनकडे, तर शस्त्रास्त्र उद्योगाचा मोठा भाग रशियाकडे राहिला. विशिष्ट यंत्रणेसाठीच घडविलेले इलेक्ट्रॉनिक भाग खुल्या बाजारात मिळणारे नव्हेत.

याच विघटनाची झळ मुंबईच्या माझगाव गोदीसही बसली. तेथे बांधलेल्या ‘दिल्ली’चे जलावतरण १ फेब्रुवारी १९९१ रोजी झाले, ती नौदलात दाखल होण्यास मात्र १५ नोव्हेंबर १९९७ उजाडला. आराखडा व बांधणी स्वदेशी, पण प्रमुख शस्त्रास्त्रे रशियन, ही विसंगती अभ्यासकांनी पुरेशी तपासलेली नाही. ‘राजपूत’वर पुढे भारत-रशिया संयुक्त प्रकल्पातील ब्राह्मोस क्षेपणास्त्रे बसविण्यात आली आणि ४१ वर्षांच्या सेवेनंतर २१ मे २०२१ रोजी ती निवृत्त झाली.