हक्कांची यादी आणि न्यायालयाचे दार

एखादा हक्कांचा कायदा मोडून त्या जागी दुसरा आणण्याची भाषा राज्यकर्ते करू लागले, की सामान्य नागरिक बहुधा एवढेच पाहतो की जुने हक्क नव्या कायद्यात उतरले की नाही. यादी शाबूत दिसली की त्याचे समाधान होते. इतिहास मात्र आपणांस आणखी एक गोष्ट पाहावयास सांगतो. हक्क मोडला गेला, तर दाद मागण्याचे दार कोठे आहे आणि ते उघडे आहे काय?

इंग्लंडचे उदाहरण पाहा. तेथील १९९८ चा मानवी हक्क कायदा रद्द करून नवी हक्कसनद आणणारे विधेयक २२ जून २०२२ रोजी पार्लमेंटात मांडण्यात आले. युरोपीय करारातील हक्क या विधेयकात तसेच ठेवले होते. फरक होता तो दारापाशी. आपले लक्षणीय नुकसान झाले आहे, असे दाखवून दाद मागणाऱ्याने आधी न्यायालयाची परवानगी मिळवावी, अशी अट त्यात होती. विधेयकावर कडक टीका झाली आणि जून २०२३ मध्ये सरकारने ते सोडून दिले.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. मुलूख नावाने एकाचा, कारभार दुसऱ्याचा. रयतेला हक्कांची सनद मात्र दोघांपैकी कोणीच दिली नाही. ती मिळाली १९५० साली, संविधानाने. दाद मागण्याचा हक्क देणारे कलम हाच संविधानाचा आत्मा, असे डॉ. आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते. १९५६ मध्ये आपला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि नागपुरास उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. तेव्हापासून माणूस मलकापूरचा असो की मेहकरचा, सरकारविरुद्ध उच्च न्यायालयात जावयाचे तर त्याची वाट नागपूरची.

या वाटेची कसोटी आणीबाणीत लागली. २७ जून १९७५ च्या आदेशाने जीवित व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्यास बंदी झाली. तरीही स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात, असे अनेक उच्च न्यायालयांनी ठरविले. त्यांत नागपूर खंडपीठही होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी ते सारे निर्णय फिरविले. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती खन्नांचे. बहुमतात आपले मराठी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडही होते. ध्यानात घ्या, संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील एक अक्षरही खोडलेले नव्हते. हक्क कागदावर होता आणि माणूस तुरुंगात होता!

त्याच वर्षीच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आणखी एक कडी घातली. केंद्राचा कायदा घटनाबाह्य ठरविण्याचा उच्च न्यायालयांचा अधिकार तिने काढून घेतला. म्हणजे बुलढाण्याच्या माणसाला त्यासाठी नागपूर बंद. त्याने थेट दिल्ली गाठावी. राज्यपालट झाल्यावर ४३ व्या दुरुस्तीने ही कडी काढली. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने असे बंधन घातले, की आणीबाणीतही २० व २१ या अनुच्छेदांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग अडविता येणार नाही.

याच ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला. म्हणजे यादी एकाने आखूड झाली. पण विनाचौकशी कोंडलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले, तर त्याचे संरक्षण वाढले. हक्कांची संख्या मोजून कायद्याची किंमत ठरविता येत नाही, याला याहून चांगला दाखला कोणता?

१९७६ चा तो निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. तसे स्पष्ट लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. न्यायासनाने आपली चूक सुधारली, हे भूषणावहच आहे. परंतु त्याला एकेचाळीस वर्षे लागली, आणि ज्यांचे महिने तुरुंगात गेले त्यांना ते परत मिळाले नाहीत.

म्हणून हक्कांचा नवा कायदा पुढे येईल तेव्हा त्याची प्रस्तावना वाचून थांबू नये. दाद कोणाकडे मागावयाची, कोणत्या अटीवर, आणि संकटकाळी ती अट कोण बदलू शकतो, ही कलमे आधी काढून वाचावीत. ती वाचण्यास वकील असावे लागत नाही.