शिंपल्यांतील प्रदूषक चाचणी
शिनाणे, कालवे, तिसऱ्या यांसारख्या द्विपुट मृदुकाय प्राण्यांच्या मांसातील रासायनिक प्रदूषकांचे मापन. हे प्राणी एका जागी राहून कल्ल्यांतून पाणी गाळतात व अन्नकण टिपतात. त्याबरोबर आलेली शिसे, कॅडमियम, पारा, डीडीटी, पीसीबी ही द्रव्ये त्यांच्या शरीरात साठतात, आणि पाण्यात जेमतेम जाणवणारे प्रदूषण मांसात स्पष्ट मोजता येते.

एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी सागरी रसायनशास्त्रज्ञाने 1975 मध्ये जगभरच्या किनाऱ्यांसाठी अशी योजना सुचवली. ‘मसल वॉच’ हा अमेरिकेचा राष्ट्रीय कार्यक्रम 1986 पासून चालू आहे. सागरकिनारी शिनाणे व कालवे, तर ग्रेट लेक्स सरोवरांत झेब्रा शिनाणे तपासले जातात. वर्षानुवर्षे चालणारी ही मोजणीच त्याचे खरे बळ होय. जहाजांच्या रंगातील विषारी ट्रायब्युटिल टिनवर 1988 मध्ये निर्बंध आले आणि पुढे शिंपल्यांतील त्याचे प्रमाण घटत गेल्याचे दिसले.

नमुने शक्यतो अंडी सोडण्याच्या हंगामाआधी घेतात, कारण त्यानंतर मांसातील चरबी व तिच्यातील प्रदूषके घटतात. कवच काढून मांस एकजीव करतात. धातूंसाठी ते आम्लात विरघळवून वर्णपटमापकाने, तर सेंद्रिय रसायनांसाठी द्रावकाने अर्क काढून वायू वर्णलेखनाने तपासतात.

युरोपीय संघात द्विपुटांतील शिशाची मर्यादा किलोला 1.5, कॅडमियमची 1 मिलिग्रॅम आहे. स्वच्छ पाण्यात काही काळ ठेवल्यास शिंपल्यांतील जिवाणू कमी होतात. धातू मात्र त्याने किंवा शिजवण्याने नाहीसे होत नाहीत.