चुलीखालचा बॉम्ब



गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं, "टीव्हीवर सांगतात, विमानहल्ल्यात इतकी माणसं गेली. मग दुसरी बातमी लागते. त्या गावाचं पुढं काय होतं, ते कोणीच सांगत नाही." तेव्हा आम्हाला उत्तर देता आलं नाही. आज जिथं बॉम्ब पडताहेत, तिथलं 'पुढं' अजून यायचंच आहे. म्हणून आम्ही जुनं युद्ध शोधलं. पन्नास वर्षांपूर्वी संपलेलं, ज्याचं 'पुढं' आता दिसतं. ते लाओस या देशातलं आहे.

लाओस कुठं आहे? आपल्या ईशान्य भारताच्या पलीकडं म्यानमार, त्याच्याही पलीकडं थायलंड आणि व्हिएतनाम. त्या दोघांच्या मधोमध हा डोंगराळ देश, समुद्र नसलेला, महाराष्ट्रापेक्षा लहान. मेकाँग ही त्याची मोठी नदी. युद्धाच्या काळात तिथं जेमतेम 30 लाख माणसं होती. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात आज त्याहून कितीतरी जास्त आहेत. लोक भातशेती करणारे. चिकट जातीचा तांदूळ भिजवून, बांबूच्या टोपलीत वाफवून खातात. बायका मागावर कापड विणतात. घरोघरी म्हशी. म्हणजे आपल्याला फार परकी वाटावी अशी ही माणसं नाहीत.

शेजारच्या व्हिएतनामात अमेरिकेची लढाई चालली होती, ती बऱ्याच जणींनी ऐकलेली असते. लाओसमध्येही यादवी होती. एका बाजूला राजाचं सरकार, त्याच्या पाठीशी अमेरिका. दुसऱ्या बाजूला पाथेट लाओ नावाचे कम्युनिस्ट, त्यांच्या पाठीशी उत्तर व्हिएतनामचं सैन्य. 1962 साली जिनिव्हात चौदा देशांनी सह्या करून ठरवलं, की लाओस तटस्थ राहील, बाहेरच्या कोणी तिथं फौजा ठेवायच्या नाहीत. त्या चौदांत आपला भारतही होता. शिवाय करार पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडं होतं. कॅनडा आणि पोलंड हे दुसरे दोन सदस्य. करार उत्तर व्हिएतनामनं मोडला, अमेरिकेनंही मोडला. मोडल्याचं दोघांनाही कबूल करायचं नव्हतं. त्यामुळं हे युद्ध गुप्त राहिलं. गुप्त म्हणजे अमेरिकेतल्या मतदारांपासून गुप्त. ज्यांच्या घरावर बॉम्ब पडत होते, त्यांच्यापासून ते कसं लपणार?

1964 ते 1973 या नऊ वर्षांत अमेरिकी विमानांनी लाओसवर सुमारे 5 लाख 80 हजार फेऱ्या केल्या. सरासरी काढली तर दर आठ मिनिटाला एक फेरी, रात्रंदिवस, नऊ वर्षं. आमचा हा कार्यक्रम पंधरा मिनिटांचा आहे, त्यावरून अंदाज करा. 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले गेले. माणशी हिशेब केला तर पाऊण टनाच्या आसपास जातो. पन्नास किलोच्या पोत्यात मोजायचं तर प्रत्येक माणसाच्या नावावर, तान्ह्या लेकराच्यासुद्धा, तेरा-चौदा पोती दारूगोळा.

दक्षिण लाओसमधून उत्तर व्हिएतनामच्या सैन्याची रसद जायची, म्हणून तिकडं बॉम्ब पडले. पण आज आम्ही सांगणार आहोत ते उत्तरेकडच्या सियांग खुआंग प्रांताबद्दल. तिथं उंचावर एक मोठं पठार आहे. त्यावर हजारो वर्षांपूर्वीचे दगडी रांजण विखुरलेले आहेत, काही तर माणसाच्या उंचीहून मोठे. म्हणून त्याला रांजणांचं पठार म्हणतात. 2019 साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. हे पठार कधी एका फौजेकडं, कधी दुसऱ्या फौजेकडं जायचं. लोक मात्र तिथलेच राहिले, कारण भात तिथं होता आणि म्हशी तिथं होत्या.

1968च्या शेवटी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवली. जगानं सुटकेचा श्वास टाकला. पण विमानं काही घरी परतली नाहीत, त्यांतली बरीच लाओसकडं वळवली. पुढं अमेरिकेच्या संसदेत एका मोठ्या अधिकाऱ्याला विचारलं, असं का केलं? त्यानं सांगितलं, इतकी विमानं नुसती उभी होती, त्यांना रिकामं कसं ठेवणार. हे आम्ही वाचलं तेव्हा दोनदा वाचून खात्री करून घेतली. एका ठिकाणच्या शांततेचा भार दुसऱ्या ठिकाणच्या गावांनी उचलला.

त्यानंतर पठारावरच्या लोकांचा दिवस उलटा झाला. दिवसा खंदकात, डोंगराच्या कपारीत, गुहेत, रात्री शेतात. लावणी रात्री, कापणी रात्री. धूर दिसला की विमान यायचं, म्हणून चूल पेटवायची तीही जपून. मैत्रिणींनो, हे वाक्य आम्ही सहज बोललो, पण त्यात बाईचा किती जीव गेला असेल ते तुम्हीच ओळखा. तांदूळ आधी भिजत घालायचा, वाफवायचा, लेकरं भुकेली, आणि धूर वर जाता कामा नये. गुहेत ओल, अंधार. बाळंतपणं तिथंच.

आणि मरत कोण होतं? सैनिक तरुण होते, रानात पांगलेले असत, सारखी जागा बदलत. गावात राहिलेले म्हातारे, बाया, मुलं, जनावरं यांना पळता येत नव्हतं. तिथून निसटलेल्या लोकांनी पुन्हा पुन्हा हेच सांगितलं. त्यांनी दुसऱ्या बाजूचंही सांगितलं, की पाथेट लाओवाले ओझी वाहायला माणसं नेत, तांदूळ मागून नेत. गावकऱ्यांना दोन्हीकडून काच होता. पण आभाळातून येणारं मरण एकाच बाजूचं होतं.

याच प्रांतात थाम पिऊ नावाची गुहा आहे. 24 नोव्हेंबर 1968 या दिवशी तिच्या आत आसपासच्या गावांतली माणसं लपलेली होती. एका विमानानं सोडलेलं रॉकेट थेट गुहेच्या तोंडातून आत गेलं. लाओसमध्ये 374 जण गेल्याचं सांगतात. गुहेच्या भिंती आजही काळ्या आहेत.

जगाला हे कळलं कसं? 1969 आणि 1970 साली पठारावरचे हजारो लोक राजधानी व्हिएन्तिआनजवळच्या छावण्यांत आणले गेले. फ्रेड ब्रॅनफमन नावाचा एक तरुण अमेरिकी तिथं होता. तो शिक्षणाच्या कामासाठी लाओसला आला होता, भाषा शिकला होता. छावणीत तो लोकांशी बोलू लागला आणि हादरला, कारण त्याच्या देशात कोणी यातलं काही ऐकलेलं नव्हतं. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी लोकांना कागद, पेन्सिली दिल्या. जे झालं ते लिहा, लिहिता येत नसेल तर काढा. शेतकऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चित्रं काढली. वर विमान, खाली घर पेटलेलं, शेतात पडलेली बाई, पडलेली म्हैस. शाळेतल्या मुलानं काढावी तशी साधी चित्रं.

ब्रॅनफमननं 1971 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढं साक्ष दिली आणि 1972 साली ते लिखाण आणि चित्रं पुस्तकात छापली. त्याआधी मार्च 1970मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना लाओसमधल्या लढाईबद्दल उघड बोलावं लागलं होतं. बॉम्बफेक लगेच थांबली असं नाही, ती 1973पर्यंत चाललीच. पण 'गावं नव्हती, फक्त सैन्य होतं' असं म्हणायची सोय राहिली नाही. इतिहास फक्त शिकलेल्यांनी लिहायचा असतो असं आपल्या मनात बसलेलं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता त्या 'पुढं'कडं येऊ.

टाकलेल्या बॉम्बपैकी बरेच क्लस्टर बॉम्ब होते. क्लस्टर बॉम्ब म्हणजे एक मोठं लोखंडी टरफल. ते हवेत शेंगेसारखं उकलतं आणि आतून शेकडो छोटे गोळे मोठ्या क्षेत्रावर विखुरतात. एकेक गोळा टेनिसच्या चेंडूएवढा, त्याच्या आत बारीक पोलादी छर्रे. लाओसमध्ये या गोळ्याला 'बॉम्बी' म्हणतात. असे सुमारे 27 कोटी गोळे टाकले गेले. त्यातले तीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे 8 कोटींच्या घरात, फुटलेच नाहीत. ते चिखलात रुतले, गवतात पडले, बांबूच्या बेटात अडकले. आणि युद्ध संपलं.

लोक गावी परतले. गाव उरलंच नव्हतं, तरी परतले. शेत नांगरायला हवं होतं. कुदळीचा एक घाव, आणि माणूस गेला. मुलांना गोल गोळा सापडला, त्यांनी तो एकमेकांकडं फेकला. बायका बांबूचे कोंब खणायला रानात गेल्या. आणि सगळ्यात जीवाला लागलं ते हे: पठार उंचावर असल्यामुळं थंडी कडक पडते. लोक अंगणात, शेताच्या कडेला जमिनीवरच शेकोटी पेटवतात, चूलही जमिनीवर मांडतात. खाली वीतभर मातीत बॉम्बी असली, तर ती आचेनं तापते आणि फुटते. वर्षानुवर्षं त्याच अंगणात झाडलं, सारवलं, आणि एके दिवशी जरा बाजूला चूल मांडली, एवढंच निमित्त.

1973 नंतर, म्हणजे लढाई थांबल्यावर, न फुटलेल्या बॉम्बमुळं 20 हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. 2008 सालीसुद्धा एका वर्षात 300 जण यात सापडले. नंतर संख्या खाली आली, ती साफसफाईमुळं आणि शाळाशाळांतून मुलांना शिकवल्यामुळं. टीव्हीवरच्या आकड्यात ही माणसं कधीच धरली जात नाहीत. युद्धाची तारीख संपलेली असते ना.

ज्यांचे हात-पाय-डोळे गेले त्यांचं करणारी बहुतेक घरातली बाईच. जमीन असून पिकवता येत नाही, हा वेगळा तोटा. भीतीनं एखादा तुकडा पडीकच ठेवायचा, आणि त्याच तुकड्यात पाणी चांगलं. गरीब माणूस शेवटी तिथं नांगर घालतोच. भंगारात लोखंड आणि अॅल्युमिनियम विकलं जातं, म्हणून लोक ते शोधायलाही जातात. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. आमच्याकडं दुष्काळात खोल विहिरीत उतरणाऱ्या बायकांना काय कमी धोका दिसत होता?

लोकांनी त्या लोखंडाचा संसारही केला. बॉम्बची लांब टरफलं उभी करून घराला खांब दिले. आडवी टाकून त्यात माती भरली आणि कांद्याची पात लावली. बान नापिया नावाच्या गावात विमानांचं आणि बॉम्बचं अॅल्युमिनियम वितळवून, लाकडी साच्यात ओतून चमचे करतात. लाओसच्या खानावळींतून ते चमचे वापरले जायचे, आता पर्यटकही घेऊन जातात.

2008 साली क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2010मध्ये लागू झाला. सह्या करणाऱ्या देशांची पहिली बैठक त्याच वर्षी व्हिएन्तिआनलाच भरली. अमेरिकेनं सही केलेली नाही. आपल्या भारतानंही केलेली नाही, हेही आपल्याला ठाऊक असावं. 2016 साली राष्ट्राध्यक्ष ओबामा लाओसला गेले. पदावर असताना तिथं जाणारे ते पहिलेच. बॉम्ब काढायला तीन वर्षांसाठी 9 कोटी डॉलर देऊ म्हणाले. माफी मात्र मागितली नाही. त्या मदतीसाठी अमेरिकेत अनेक वर्षं धडपडलेली चन्नाफा खामवोंग्सा ही लाओसमध्ये जन्मलेली, लहानपणीच अमेरिकेत गेलेली बाई. छावणीतली ती पेन्सिलीची चित्रं तिच्या हाती आली, आणि 2004मध्ये तिनं या कामासाठी संस्था काढली. ज्यांनी ती चित्रं काढली त्यांना कुठं माहीत होतं, की तीस वर्षांनी ती पुन्हा साक्ष देतील.

साफसफाईचं काम आता लाओसचे लोकच करतात, आणि सियांग खुआंगमध्ये त्यात फक्त बायकांच्याही तुकड्या आहेत. बऱ्याच जणी शेतकरी घरातल्या. शेताला दोऱ्या बांधून अरुंद पट्टे पाडायचे. एका पट्ट्यात एकीनं यंत्र जमिनीवरून हळूहळू फिरवायचं. यंत्र वाजलं की गुडघ्यावर बसायचं आणि खुरप्यासारख्या छोट्या हत्यारानं बाजूनं माती काढायची, वरून घाव घालायचा नाही. बहुतेक वेळा खिळा निघतो, पत्र्याचा तुकडा निघतो. तरी प्रत्येक वेळी तसंच बसायचं, तसंच खणायचं. बॉम्बी निघाली तर तिला हलवत नाहीत. माणसं, जनावरं लांब नेतात, भोंग्यावरून सांगतात आणि ती आहे तिथंच उडवतात. मग दोरी सोडून पुढच्या पट्ट्याला बांधतात. दूषित जमिनीचा दहावा हिस्साही अजून साफ झालेला नाही.