बाळंतपणाचा खर्च कोणी सोसावा? मुंबईच्या गिरण्या आणि १९२९चा कायदा

१/ गिरणी कामगार म्हटले की साच्यावर उभा असलेला पुरुषच आपल्या डोळ्यांपुढे येतो. मात्र १९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारणतः दर पाच कामगारांमागे एक स्त्री होती. पुढे हे प्रमाण घसरतच गेले. या घसरणीत कायद्याचा वाटा किती? #थ्रेड

२/ या स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत असत. सूत गुंडाळण्याचे हे काम, मजुरी कामाच्या मापावर. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीला ‘नायकीण’ म्हणत.

३/ १८९१च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले आणि मधे दीड तासाची विश्रांती दिली. पुढे रात्रीचे कामही त्यांना बंद झाले. बाळंतपणाचा विचार मात्र कोणत्याच कायद्यात नव्हता.

४/ खाडा झाला की मजुरी बुडे. म्हणून दिवस भरत येईपर्यंत स्त्रिया कामावर जात आणि लवकरच परतत. मागे राहिलेले तान्हे मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ दिली जाई.

५/ ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले. ते संमत झाले नाही. नंतर मुंबई विधिमंडळात आसवले यांचे विधेयक आले. १९२८ साली त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

६/ त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेण्याजोगा आहे. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तेव्हा त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. मात्र मालकालाही त्यांनी जबाबदारीतून पूर्ण मोकळे केले नाही.

७/ १९२९ साली कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिलाच कायदा. परंतु पैसे देण्याची जबाबदारी त्याने एकट्या मालकावर टाकली. साहजिकच मालकाच्या हिशेबी स्त्री कामगार ‘महाग’ ठरली. असे कायदे इतरत्रही झाल्यावर, गरोदरपणाची चिन्हे दिसताच स्त्रियांना कामावरून कमी केले जाते, अशा तक्रारी चौकशी समित्यांपुढे येऊ लागल्या.

८/ तरीही सारा दोष या कायद्याच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच काळात गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’ आले. कमी माणसांकडून अधिक काम घेतले जाऊ लागले. रात्रपाळी वाढली, आणि ती स्त्रियांना कायद्यानेच बंद होती. यंत्रे बदलली. ही सारी कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत.

९/ १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने निराळा मार्ग दाखवला : मालक आणि कामगार यांच्या वर्गणीच्या निधीतून प्रसूती लाभ. या योजनेबाहेरच्या आस्थापनांना १९६१चा प्रसूती लाभ कायदा लागू झाला, आणि तिथे खर्च पुन्हा एकट्या मालकाकडेच राहिला. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. खर्चाची वाटणी तीच राहिली.

१०/ आज मुलाखतीत ‘लग्न कधी करणार?’ असे मुलीला विचारले जाते, तेव्हा त्यामागे हाच हिशेब असतो. कायदा नसावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्या रजेमुळे कितीतरी मायलेकरे वाचली असतील. प्रश्न आहे तो भार वाटून घेण्याचा, आणि आंबेडकरांनी तो १९२८ सालीच मांडला होता.

११/ तुमच्या घरात कोणी आजी, पणजी गिरणीत होती का? कोणत्या खात्यात, आणि काम का सुटले? ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा. रिळिंग खात्यातल्या बायकांविषयी कागदोपत्री फार थोडे उरले आहे.