वैद्यक परिषदेची निवडणूक: मत डॉक्टरांचे, पण संबंध तुमचाही

थोडक्यात

- डॉक्टरांची नोंदणी करणारी आणि गैरवर्तन झाल्यास त्यांच्यावर कारवाई करणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, म्हणजेच महाराष्ट्र वैद्यक परिषद.
- या परिषदेचे 9 सदस्य नोंदणीकृत डॉक्टर मतदान करून निवडतात. रुग्णांना मत नाही.
- तुमच्या तक्रारीचा निकाल हीच परिषद देते. म्हणून ती कशी बनते आणि तिच्याकडून काय मिळू शकते, हे तुम्हाला माहीत हवे.
- नुकसानभरपाई परिषद देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते.

परिषद म्हणजे नेमके काय?

डॉक्टरच्या नावापुढे एमबीबीएस, एमडी अशी पदवी दिसते. पदवी विद्यापीठ देते, पण रुग्ण तपासण्याचा परवाना परिषदेच्या नोंदणीमुळे मिळतो. नोंदवहीत नाव नसेल, तर नुसत्या पदवीवर महाराष्ट्रात प्रॅक्टिस करता येत नाही.

मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा पहिला कायदा 1912 मध्ये आला. तेव्हा जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे तो कायदा आपल्याकडे लागू नव्हता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर निरनिराळ्या भागांतले कायदे एकत्र करून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल कायदा, 1965 करण्यात आला. आज जालना, अंबड, भोकरदन, मंठा, कुठल्याही तालुक्यातला एमबीबीएस डॉक्टर याच एका नोंदवहीत असतो. जिल्हा रुग्णालयातला सरकारी डॉक्टर असो की खासगी दवाखान्यातला, नियम दोघांना सारखेच.

नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी डॉक्टरने या काळात परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळा-परिषदांना हजर राहून 30 क्रेडिट गुण मिळवायचे असतात. वैद्यकशास्त्र बदलत राहते. डॉक्टरनेही शिकत राहावे, हा त्यामागचा हेतू.

सगळ्या डॉक्टरांची परिषद एकच नसते

तक्रार चुकीच्या ठिकाणी पाठवली की महिने वाया जातात. म्हणून आधी हे पाहा:

- एमबीबीएस, एमडी, एमएस: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल
- बीएएमएस (आयुर्वेद), बीयूएमएस (युनानी): महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. डॉक्टर ॲलोपॅथीची औषधे देत असले, तरी त्यांची नोंदणी इथेच असते.
- बीएचएमएस (होमिओपॅथी): महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथी
- दंतवैद्य: महाराष्ट्र राज्य दंत परिषद
- परिचारिका: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल
- औषध दुकानातले फार्मासिस्ट: महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल. फार्मसी कायदा, 1948 नुसार तिथेही 6 सदस्य फार्मासिस्ट आपल्यातून निवडतात.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांबाबत एक वाद सुरू आहे. आधुनिक औषधांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलकडे वेगळी नोंद ठेवावी, यासाठी 2014 मध्ये कायद्यात बदल झाला. त्याच्या अंमलबजावणीविरुद्ध राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी 18 सप्टेंबर 2025 रोजी संपही केला. नोंदवहीत कोणाचे नाव असावे, हा प्रश्न किती तापू शकतो, हे त्यावरून लक्षात येईल.

निवडणूक कशी होते?

मेडिकल कौन्सिलमध्ये तीन प्रकारचे सदस्य असतात: डॉक्टरांनी निवडलेले, राज्य शासनाने नेमलेले आणि पदामुळे सदस्य असलेले. निवडून येणाऱ्या 9 जागांसाठी नोंदणीकृत डॉक्टरच उभे राहतात आणि नोंदणीकृत डॉक्टरच मत देतात. मुदत 5 वर्षांची असते. पुढे सदस्य आपल्यातून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडतात.

राज्यात नोंदणीकृत डॉक्टर लाखाहून जास्त आहेत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार मतदाराच्या ओसरीवर येऊन बसतो. इथे बहुतेक मतदारांनी उमेदवाराला पाहिलेलेही नसते. म्हणून पॅनल बनतात, डॉक्टरांच्या संघटना आपापले उमेदवार पुढे करतात, आणि प्रचार फोनवर नि व्हॉट्सॲपवर चालतो. प्रचारात बहुतेक वेळा डॉक्टरांवरील हल्ले, नूतनीकरणाची कटकट, क्रेडिट गुण हे विषय असतात. ते खरेच महत्त्वाचे आहेत. पण रुग्णांच्या तक्रारी किती दिवसांत निकाली काढू, हे वाक्य पत्रकावर क्वचितच दिसते. कारण उघड आहे: तक्रार करणारा मतदार नसतो.

निवडून आलेली परिषद नसते तेव्हा

याआधीची निवडणूक डिसेंबर 2016 मध्ये झाली. त्यातून आलेल्या परिषदेची मुदत 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढे डॉ. विंकी रुघवानी प्रशासक झाले. नव्या निवडणुकीसाठी 3 एप्रिल 2025 ही मतदानाची तारीख ठरली होती. मतदान ऐनवेळी पुढे ढकलण्यात आले.

प्रशासकाच्या काळात कार्यालय बंद पडत नाही. नोंदणी आणि नूतनीकरण चालू राहते, तक्रारी स्वीकारल्या जातात. फरक असा की, वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ सदस्य मिळून जे निर्णय घेतात, त्यांचा भार एका नेमलेल्या माणसावर येतो. निवडून आलेल्या सदस्याला 5 वर्षांनी मतदारांपुढे जायचे असते, प्रशासकाला नसते. एखाद्या घरातला माणूस गेला असेल आणि घरचे निकालाची वाट पाहत असतील, तर त्यांच्यासाठी हा फक्त कारभाराचा तपशील राहत नाही.

डॉक्टरांचा निवाडा डॉक्टरांनीच करायचा?

हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. मी स्वतः एमबीबीएस डॉक्टर आहे, म्हणजे या निवडणुकीत मतदार आहे. माझे मत त्या जाणिवेने वाचा.

डॉक्टर सदस्य असण्याचे एक कारण रास्त आहे. ऑपरेशननंतर झालेला रक्तस्राव टाळता आला असता की नाही, हे त्या शाखेचे काम केलेल्यालाच नीट कळते. उपचाराचा परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे नसते. योग्य काळजी घेऊनही काही रुग्णांना गुंतागुंत होते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांच्या मतांवर निवडून यायचे, त्यांच्यावरच कारवाई करायची, हा पेच निवडणुकीतच आहे. देशपातळीवर त्याची परिणती आपण पाहिली. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांना एप्रिल 2010 मध्ये सीबीआयने लाचेच्या आरोपाखाली अटक केली, मे महिन्यात ती परिषद बरखास्त झाली, आणि शेवटी 25 सप्टेंबर 2020 पासून तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. या आयोगात नेमणुकांवर भर आहे. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने 2009 पासून डॉक्टरांची निवडणूकच बंद केली. तिथे आज 12 सदस्य आहेत, निम्मे डॉक्टर आणि निम्मे डॉक्टर नसलेले नागरिक, आणि सगळेच नेमलेले.

नेमणूक हा मात्र रामबाण उपाय नाही. नेमणारा सरकारच्या मर्जीतली माणसे नेमू शकतो. माझ्या मते निवडणूक वेळेवर व्हावी आणि परिषदेत सामान्य नागरिकांनाही जागा असावी. दोन्ही गोष्टी एकत्र शक्य आहेत, आणि त्या मागण्याचा हक्क तुमच्या आमदारामार्फत तुम्हालाही आहे, कारण हा कायदा राज्य विधिमंडळाचा आहे.

तक्रार करायची असेल तर

समजा, घनसावंगी तालुक्यातल्या एका आजींचे शहरातल्या खासगी दवाखान्यात पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. नंतर पोटात जंतुसंसर्ग झाला. नातेवाईक कागद मागतात, तर ‘नंतर या’ असे उत्तर मिळते. त्यांनी पुढील क्रमाने जावे.

1. कागदपत्रे लेखी अर्ज देऊन मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार (2002) रुग्णाने मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी 3 वर्षे जपून ठेवाव्या लागतात. नोंदी नाकारणे हेच स्वतंत्र गैरवर्तन ठरते.
2. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. तो दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र व पावतीवर छापलेला असला पाहिजे. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. डॉक्टरांची ओळख पटवणारा क्यूआर कोडही परिषदेने सुरू केला आहे. तो दवाखान्यात दिसला तर मोबाइलने स्कॅन करा.
3. घटनाक्रम तारखेनुसार लिहा. कधी दाखल केले, काय सांगितले गेले, कधी प्रकृती बिघडली, कोणी पाहिले. ‘डॉक्टरने मारले’ असे लिहू नका. ‘रात्री 11 वाजता कळवले, डॉक्टर सकाळी 8 वाजता आले’ असे लिहा. अशा वाक्याची तपासणी करता येते.
4. तक्रार व्यक्तीविरुद्ध करा. परिषदेचा अधिकार डॉक्टरवर चालतो, इमारतीवर किंवा संस्थेवर नाही.
5. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. परिषदेचे कार्यालय मुंबईत चिंचपोकळीला आहे. किती प्रती लागतात, शपथपत्र हवे का, हे आधी संकेतस्थळावर पाहा. जालन्याहून मुंबईचा एक हेलपाटा वाचेल.
6. 6 महिन्यांचा हिशेब ठेवा. आचारसंहितेत तक्रारीच्या निकालासाठी एवढीच मुदत आहे. ती उलटली तर लेखी स्मरणपत्र द्या.

सुनावणीत डॉक्टरला आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. दोष सिद्ध झाल्यास ताकीद, काही काळासाठी नोंदणी स्थगित करणे किंवा नोंदवहीतून नाव काढणे, अशी शिक्षा होऊ शकते. गर्भलिंग निदानाच्या गुन्ह्यात तर कायदाच कडक आहे: न्यायालयाने दोषी ठरवल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी 5 वर्षे आणि पुन्हा गुन्हा केल्यास कायमचे नाव काढावे लागते.

अपिलाची अडचण

आचारसंहितेत राज्य परिषदेच्या निर्णयाने नाराज असलेल्या ‘कोणत्याही व्यक्तीला’ 60 दिवसांत अपील करता येईल असे म्हटले आहे. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 मध्ये अपिलाच्या कलमात फक्त डॉक्टरचा उल्लेख आहे. त्याचा आधार घेऊन रुग्णांची अपिले परत पाठवली गेली आहेत. म्हणून राज्य परिषदेपुढची पहिली तक्रारच पूर्ण पुराव्यानिशी करा. निकाल विरोधात गेला, तर उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात दाद मागण्याबाबत वकिलांचा सल्ला घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*परिषद पैसे मिळवून देईल का?*
नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून 2 वर्षांच्या आत जा. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले आहे. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येते. परिषदेच्या निकालाची वाट पाहत 2 वर्षांची मुदत घालवू नका.

*बिल अवाच्या सवा लावले, तर?*
ती रुग्णालयाची तक्रार. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य प्रशासनाकडे जा.

*डॉक्टरकडे पदवीच नसेल, तर?*
बोगस डॉक्टर नोंदवहीतच नसतो, त्यामुळे परिषद त्याचे नाव काढणार कुठून? तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवा. हा फौजदारी गुन्हा आहे.

*सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरविरुद्ध तक्रार चालते का?*
चालते. सोबत जिल्हा शल्य चिकित्सकांनाही अर्ज द्या.

*निवडणुकीत मी काय करू शकतो?*
तुमच्या डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: ‘डॉक्टरसाहेब, नोंदणीचे नूतनीकरण झाले का?’ आणि ‘निवडणूक लागली तर मत देणार ना?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळणे हा तुमचा हक्क आहे. दुसऱ्या प्रश्नाने तुमच्या डॉक्टरांना आठवण होईल की त्या मतपत्रिकेकडे रुग्णांचेही लक्ष आहे.

*सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. नियम आणि परिषदेची सद्यस्थिती बदलू शकते; तक्रार करण्यापूर्वी परिषदेचे संकेतस्थळ पाहा. उपचार सुरू असतील तर तक्रारीसाठी ते मध्येच थांबवू नका.*