ओनाम्याची परंपरा आणि मागे राहणारे मूल

भगवान ऋषभदेवांनी आपल्या ब्राह्मी व सुंदरी या कन्यांना जवळ बसवून उजव्या हाताने लिपी व डाव्या हाताने अंक लिहून दाखविले, ही कथा दिगंबर व श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांत आदराने सांगितली जाते. ब्राह्मीच्या वाट्याला लिपी आली, म्हणून लिपीलाच तिचे नाव मिळाले, अशी श्रद्धा आहे. भगवतीसूत्राच्या प्रारंभी तर ब्राह्मी लिपीला प्रत्यक्ष नमस्कार केलेला आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट नृपती अमोघवर्षाच्या काळी होऊन गेलेल्या आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात हा प्रसंग विस्ताराने वर्णिला असून, सिद्धांना वंदन करूनच वर्णमालेचा आरंभ झाला, असे तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथात गृहस्थाच्या संस्कारांमध्ये ‘लिपिसंख्यान’ हा एक संस्कार असून तो बालकाच्या पाचव्या वर्षी करावा, असे सांगितले आहे. अक्षरओळख हा विवाह-उपनयनाच्या बरोबरीचा संस्कार मानणारी ही दृष्टी किती प्रगल्भ होती, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

मराठीत कोणत्याही कार्याच्या आरंभाला ‘ओनामा’ म्हणतात. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचा झिजून उरलेला अवशेष होय. जुन्या शाळांत मूल प्रथम ‘ओनामासीधं’ घोकत असे आणि मग अ, आ, इ, ई कडे वळत असे. घोकणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ ठाऊक नसे, बहुधा शिकविणाऱ्यालाही नसे. हे वचन सिद्ध परमेष्ठींना उद्देशून आहे, असे जैन परंपरा मानते. काही विद्वान त्याचा संबंध कातंत्र व्याकरणाशी जोडतात, कारण त्या व्याकरणाचे पहिले सूत्र वर्णमाला ‘सिद्ध’ असल्याचे सांगते. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी बौद्ध यात्रेकरू इत्सिंग यानेही येथील मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ने आरंभ होणारी अक्षरपुस्तिका शिकतात व सुमारे सहा महिन्यांत ती पूर्ण करतात, अशी नोंद केली आहे. तेव्हा हे वचन एकट्या जैनांचेच, असा आग्रह धरणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र ब्राह्मण, बौद्ध, जैन अशा भिन्न मतांची मुले शतकानुशतके एकाच शब्दाने अक्षरविद्येत प्रवेश करीत होती, ही गोष्ट कोणत्याही आग्रहाहून मोठी आहे.

ब्रिटिश अंमल येण्यापूर्वीच्या महाराष्ट्रात मुलांना वाचायला शिकविण्याचे काम पंतोजी करीत. शाळेला स्वतंत्र इमारत नसे. एखाद्या देवळाची ओवरी, एखाद्या सावकाराच्या वाड्याची पडवी किंवा पंतोजींचेच घर, हीच शाळा. पंतोजींना वेतन धान्याच्या वा अल्प रकमेच्या रूपाने पालकांकडून मिळे. १८२१ मध्ये मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी, आपल्या मुलखात लहानमोठे असे क्वचितच एखादे गाव असेल की जेथे निदान एक शाळा नाही, अशा आशयाचे मत लिहून ठेवले आहे.

या शाळेत इयत्ता नव्हत्या. पाच वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांचा मुलगा एकाच पडवीत बसत. नवा आलेला मुलगा फळीवर विटकरीची पूड किंवा बारीक धूळ पसरून तीवर बोटाने वा काडीने अक्षर गिरवी. यालाच धूळपाटी व धुळाक्षरे म्हणत. चुकले की हात फिरविला, पुन्हा फळी कोरी. एक अक्षर हाताला वळले की पुढचे. पुढे बाराखडी, जोडाक्षरे, नावे लिहिणे, मोडी वळण, पावकी-निमकी-सवाई-दिडकीचे पाढे, आणि ज्याला दुकानात वा कुळकर्णाच्या दप्तरात बसायचे त्याला रोजमेळ व खतावणी. एखाद्याला बाराखडीस दोन महिने लागत, एखाद्याला आठ. त्यासाठी कोणी नापास होत नसे, कारण पास होण्याची कल्पनाच नव्हती. वडील विद्यार्थी धाकट्यांकडून म्हणवून घेत, त्यांचे अक्षर तपासत. पंतोजी एक आणि मुले तीस असूनही शाळा चालत असे, त्याचे रहस्य यातच होते.

या शाळांचे गुणगान करताना त्यांचे दोष झाकता कामा नयेत. शिक्षा अमानुष असत. छडी, अंगठे धरविणे, क्वचित आढ्याला टांगणे इथवर मजल जाई. पाठांतर एवढे की अर्थाला जागाच उरत नसे. आणि मुख्य म्हणजे ही पडवी सर्वांसाठी उघडी नव्हती. मुलींना व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांना तेथे प्रवेश नव्हता. ती दारे उघडण्यासाठी १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना मुलींची शाळा काढावी लागली आणि त्यासाठी काय सोसावे लागले, हे सर्वांस विदित आहे.

वडील मुलाने धाकट्याला शिकवावे या देशी रीतीने मात्र सातासमुद्रापार प्रवास केला. मद्रास येथे लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख असलेले पाद्री अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस जवळच्या एका देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरे गिरविताना पाहिले. आपल्या शाळेतील शिक्षक ही रीत स्वीकारीनात, तेव्हा त्यांनी तेथील एका मुलावरच धाकट्यांना शिकविण्याचे काम सोपविले. १७९७ मध्ये त्यांनी लंडनला यावर पुस्तिका प्रसिद्ध केली आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती इंग्लंडात प्रसार पावली. तिकडे शिक्षणात प्रगती म्हणून गाजलेली ही वस्तू इकडच्या कुठल्याशा ओसरीवरची होती!

१८५४ चा वुडचा खलिता आणि त्यानंतर स्थापन झालेले शिक्षणखाते यांनी शाळेचे स्वरूप पालटले. छापील क्रमिक पुस्तके आली, ठरावीक अभ्यासक्रम आला, तपासणीस आले आणि इयत्ता आल्या. छापील पुस्तकामुळे मुलाला वाचायला गोष्टी व कविता मिळाल्या, शाळांचे दार हळूहळू सर्व जातींना व मुलींना खुले झाले, हा लाभ अमोल आहे. पण एका वयाची सर्व मुले एका वेळी एकाच धड्यावर असली पाहिजेत, हे गृहीत धरले गेले. पुढे तर परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरू लागले. मग जे मूल निकाल खाली ओढील ते शिक्षकास नकोसे होणार, हे ओघानेच आले. थान एकच असले तरी कापड माणसाच्या मापाने फाडावे लागते. येथे माप एकच धरून माणसे त्यात बसविली जाऊ लागली.

मागे पडलेल्या मुलाला मराठीत एक नाव आहे – ‘ढ’. याची उपपत्ती मोठी मनोरंजक सांगितली जाते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी अक्षरे दोन हजार वर्षांत इतकी बदलली की आज ती ओळखू येत नाहीत. फक्त ‘ढ’ तसाच राहिला. ज्याने काही प्रगती केली नाही तो ‘ढ’! भगवंतांनी आपल्या कन्येला दिलेल्या लिपीतील एक अक्षर लेकराला हिणविण्यासाठी वापरले जावे, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

जैन तत्त्वज्ञानाला तर हा शब्द मुळातच मान्य होण्यासारखा नाही. ज्ञान हा आत्म्याचा स्वभाव आहे. ज्ञानावरणीय कर्म त्याला झाकते, नष्ट करीत नाही. दोन बालकांत दिसणारा भेद हा क्षयोपशमाचा, म्हणजे आवरण कमी-अधिक दूर होण्याचा भेद होय. एकाचा पडदा विरळ, दुसऱ्याचा दाट. पडद्यामागे दिवा नाही, असे कोणत्याही जीवाविषयी म्हणता येत नाही. त्याउपर, ज्ञानाच्या साधनेत विघ्न आणणाऱ्याला स्वतःलाच ज्ञानावरणाचा बंध होतो, असे शास्त्र सांगते. मंदगती मुलाला वर्गात हसणाऱ्या गुरुजींनी हे ऐकून ठेवण्यासारखे आहे.

विसाव्या शतकात हा दृष्टिकोन शाळेत पुन्हा प्रवेश करता झाला, तो निरनिराळ्या वाटांनी. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज काढले. त्यांच्या प्रेरणेने खेडोपाडी ज्या शाळा निघाल्या त्यांतील पुष्कळ एकशिक्षकी होत्या. एका खोलीत चार इयत्ता. गुरुजी एका रांगेला कित्ता देत, दुसरीचे वाचन ऐकत, तिसरीला उदाहरणे घालत आणि चौथीतल्या हुशार मुलाला पहिलीच्या मुलांकडे बसवीत. गरजेपोटी जुनी पडवी परत आली होती, आता सर्व जातींच्या मुलांसह.

दुसरी वाट रोमहून आली. डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले प्रयोग प्रथम मतिमंद समजल्या गेलेल्या मुलांवर केले आणि १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलाने बोट फिरवावे, म्हणजे आकार बोटात उतरतो, ही त्यांची युक्ती. धूळपाटीवर बोट फिरविलेल्या पिढ्यांना ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभिले. तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले.

कोसबाडची मुले वारली समाजाची. घरची बोली निराळी, पुस्तकाची भाषा निराळी, आणि दिवसभर गुरे राखण्याचे काम. ती शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणात नेली गेली. कुरणशाळा हे तिचे नाव. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या यांतूनच साधने तयार झाली. मुलाच्या बोलीतला शब्द आधी, पुस्तकातला नंतर. मूल ज्या जागी उभे असेल तेथून त्याचे बोट धरायचे, हे कोसबाडने प्रत्यक्ष करून दाखविले.

देवनागरी ही शास्त्रशुद्ध लिपी खरी, पण लहान मुलाला ती काही ठिकाणी चांगलीच अडविते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत एका रेघेचा फरक. ‘कि’मध्ये इकार उच्चारात नंतर आणि लेखनात आधी. त्यावर जोडाक्षरे, रफार. म्हणूनच उच्चारक्रमाच्या ‘क ख ग घ’ऐवजी, वळणाने जवळच्या आणि लिहावयास सोप्या ‘ग म भ न’पासून आरंभ करण्याची रीत मराठी शाळांत रूढ झाली. हुशार मूल कोणत्याही क्रमाने शिकते. क्रमाचा उपयोग होतो तो अडखळणाऱ्याला.

गेल्या तीस वर्षांतील सर्वांत परिणामकारक प्रयत्न मुंबईतच जन्मला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘प्रथम’ संस्थेने झोपडपट्ट्यांतील बालवाड्यांपासून काम सुरू केले. प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून वाचावयास द्यायचे आणि त्याला अक्षर येते की शब्द, परिच्छेद येतो की गोष्ट, एवढेच पाहायचे. मग तिसरी ते पाचवीची मुले दिवसातून काही वेळ इयत्तेनुसार न बसविता या पातळीनुसार बसवायची. पाचवीतले मूल अक्षरांच्या गटात असेल तर तेथेच, बाराखडीचा तक्ता व छोट्या गोष्टी घेऊन, पुढे सरकताच गट बदलायचा. मुंबई व वडोदरा येथील त्यांच्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास करणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पंतोजींना हा गौरव ऐकून नवल वाटले असते.

काम मात्र पुष्कळ उरले आहे. २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत, टाळेबंदीनंतरच्या २०२२ साली, देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी केवळ ४२.८ टक्के आढळली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचता यावे, या हेतूने केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान २०२१ मध्ये जाहीर केले.

समाजाच्या पाठशाळांचा विचार येथेच येतो. संध्याकाळच्या पाठशाळेत पाच वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची मुले आजही एकाच सतरंजीवर बसतात आणि मोठी ताई लहानांकडून णमोकार मंत्र म्हणवून घेते. म्हणजे जुन्या पडवीची रीत येथे अजून जिवंत आहे. उणीव निराळी आहे. मूल पुस्तक समोर धरून मेरी भावना घडाघडा म्हणते, आईवडील कौतुकाने पाहतात, पण बोट ठेवून मधलाच एखादा शब्द विचारला तर ते गोंधळते. ते वाचीत नसते, आठवीत असते. घरी मारवाडी, गुजराती वा कन्नड, शाळेत इंग्रजी आणि पाठशाळेत देवनागरी अशी ओढाताण असलेल्या मुलांत हे विशेष आढळते, आणि पाठांतराच्या बक्षिसांमुळे ते झाकले जाते.

यावर उपाय खर्चाचा नाही. चार कागद पुरेत – एकावर अक्षरे, एकावर सोपे शब्द, एकावर चार ओळी, एकावर मुलाने कधी न पाहिलेली छोटी गोष्ट. वर्षातून दोन संध्याकाळी प्रत्येक मुलाला बाजूस घेऊन, कोणासमोर न लाजविता, हे कागद वाचावयास द्यावेत आणि जो ज्या कागदावर अडेल तेथून त्याचा पाठ सुरू करावा. शिकवायला पाठशाळेतलीच सातवी-आठवीची मुले आहेत.